ऑटम शिकवायचा कसा? मराठवाड्यातल्या पहिली ते तिसरीच्या वर्गासाठी

इंग्रजीच्या पुस्तकात किंवा वर्गातल्या तक्त्यावर ऋतूंचं पान आलं की चार चौकटी दिसतात: स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. ऑटमच्या चौकटीत लाल-पिवळ्या पानांचं झाड, स्कार्फ गुंडाळलेलं मूल, एखादी खार आणि लाल भोपळा. जालना-परभणीकडच्या दुसरीतल्या लेकराने असं झाड पाहिलेलं नसतं, आणि स्कार्फ त्याला ठाऊक असतो तो उन्हात तोंडाला बांधायचा. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याच्या घरचं अख्खं वर्ष ज्याच्यावर चालतं, तो पावसाळा या चार चौकटींत कुठेच नाही.

अशा वेळी नवा शिक्षक बहुतेक वेळा सोपा रस्ता धरतो. "ऑटम म्हणजे पानगळ" असं फळ्यावर लिहितो, दहा शब्द पाठ करून घेतो आणि पुढच्या पानावर जातो. मुलं "ऑटम, ऑटम" ओरडतात, पण आठवड्याने विचारलं तर वर्ग गप्प. बाहेर बघावं तर ऑक्टोबरचं ऊन चटके देत असतं आणि शाळेपुढचा कडुनिंब हिरवागार असतो. ऐकलेलं आणि दिसणारं यांचा मेळ बसत नाही, म्हणून शब्द टिकत नाही.

इथे दिलेली पद्धत एका नियमावर उभी आहे: मुलाच्या तोंडचं प्रत्येक इंग्रजी वाक्य ते बोलतं त्या क्षणी खरं असलं पाहिजे. हातात पिवळं पान असेल तरच "धिस इज अ यलो लीफ." बाहेर गार नसेल तर "इट इज कूल" म्हणवून घ्यायचं नाही. सगळं मिळून सहा तासिका लागतात आणि फेब्रुवारीत एक छोटी फेरी.

आधी तुमच्या डोक्यात स्पष्ट हवं

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा या उत्तर गोलार्धातल्या देशांत ऑटम म्हणजे ढोबळमानाने सप्टेंबर ते नोव्हेंबर. अमेरिकेत यालाच फॉल म्हणतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये हाच ऋतू मार्च ते मे या महिन्यांत येतो. थंड प्रदेशात दिवस लहान होत जातो, गारठा वाढतो आणि झाड पानांतलं हरितद्रव्य मोडून आत ओढून घेतं. हिरवा रंग गेला की आधीपासून पानात असलेला पिवळा-नारिंगी दिसू लागतो. मेपलसारख्या झाडांत त्याच सुमारास अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य तयार होतं. मग देठाशी एक पातळ थर धरतो आणि पान गळतं.

आपल्याकडच्या मोठ्या झाडांचं गणित वेगळं आहे. इथे पान गळतं ते मुख्यतः पाण्याच्या ओढीने. म्हणून सागवान, पळस, पिंपळ, कडुनिंब यांची पानगळ हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत चालते. शरद ऋतू आश्विन-कार्तिकात येतो. महिन्यांच्या हिशोबाने तो ऑटमच्या जवळचा, पण त्यात झाडं उघडी पडत नाहीत. पानगळ शिशिरातली, आणि शिशिर ऑटमच्या महिन्यांत येत नाही. त्यामुळे ऑटमला एकच मराठी नाव चिकटवायच्या भानगडीत पडू नका. पहिली-दुसरीत "दूरच्या थंड देशातला, आपल्याकडे पावसाळा सरताना तिकडे येणारा ऋतू" एवढं मराठीत सांगितलं तरी पुरे.

शिवारात काय चाललंय ते बघा

मराठवाड्यातल्या शिक्षकाचं सगळ्यात मोठं भांडवल शाळेच्या कुंपणापलीकडे आहे. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येतं. पेरणीपासून साधारण ९० ते १०५ दिवसांत पीक पक्व होतं, पानं पिवळी पडतात, गळतात, आणि उरतात चॉकलेटी शेंगांची उभी झाडं. तक्त्यातल्या मेपलचं जे होतं तेच सोयाबीनचं होतं, आणि होतं अगदी ऑटमच्याच महिन्यात. "द लीव्ह्ज आर यलो. द लीव्ह्ज आर फॉलिंग." ही वाक्यं त्या दिवसांत लातूरच्या किंवा हिंगोलीच्या शिवारात उभं राहून म्हटली तर शंभर टक्के खरी असतात.

एक काळजी घ्या. ऑगस्टमध्येच सोयाबीन पिवळं दिसलं तर तो पिवळा मोझॅक असू शकतो, म्हणजे रोग. शेतकऱ्याची मुलं हे ओळखतात. ऋतूचा पिवळा आणि रोगाचा पिवळा यांत गल्लत केली तर वर्गातलं एखादं पोरगं तुम्हाला तिथेच अडवेल, आणि बरोबरच अडवेल.

लाल पानासाठी कपाशी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्रीचा पारा उतरू लागला आणि झाडाला मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं की कपाशीची पानं लाल होतात. शेतकरी त्याला लाल्या म्हणतात. लाल रंग आणणारं द्रव्य मेपलमध्ये असतं तेच, अँथोसायनिन. पण लाल्या म्हणजे घरातलं नुकसान. म्हणून हे पान हातात घेऊन "ब्यूटिफुल" म्हणू नका. "रेड लीफ" एवढंच म्हणा. ज्या गावात यंदा लाल्याने कापूस गेला असेल तिथे कपाशी सोडा आणि देशी बदामाचं पान घ्या. शाळेच्या, तहसीलच्या, बसस्थानकाच्या आवारात हे पसरट फांद्यांचं झाड हमखास असतं. त्याची पानं गळण्याआधी लालभडक होतात. मोठी गळ हिवाळ्यात असली तरी दोन-चार लाल पानं झाडाखाली बहुतेक कधीही सापडतात. मोठं, जाड, लेकराच्या तळहाताहून लांब असं हे पान वर्गाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

नारिंगीसाठी झेंडू. दसऱ्याच्या आसपास तो घरोघरी असतो. 'ऑरेंज' शिकवायला मोसंबी आणू नका. ती हिरवट-पिवळी, आणि जालना भागातल्या मुलांना ती घरच्या बागेतली मोसंबी म्हणूनच माहीत असते. तिला ऑरेंज म्हटलं की रंग आणि फळ दोन्हींचा घोळ होतो.

कधी शिकवायचं

प्रथम सत्रात, सतरा सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन झाला की सुरुवात करा आणि दसऱ्याच्या आधी किमान चार तासिका संपवा. याला दोन कारणं. सोयाबीन एकदा कापलं, गंजी लागली, मळणी झाली की दाखवायला शेत उरत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. बीड, धाराशिव, जालना भागातली बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात आणि लेकरंही जातात. पाठ दिवाळीनंतर ढकलला तर ती मुलं त्याला कायमची मुकतात.

आठ शब्द, त्याहून जास्त नाही

पहिल्या फेरीत हे आठ: लीफ, ट्री, विंड, रेड, यलो, ऑरेंज, ब्राउन, आणि नाव म्हणून ऑटम. पम्पकिन, ॲपल, स्क्विरल हे चित्रातले शब्द आहेत. ते कानावर पडू द्या, पण परीक्षेत विचारू नका. सफरचंद मात्र सोबत ठेवायला हरकत नाही. हिमाचल-काश्मीरचा माल याच दिवसांत आठवडी बाजारात येतो, त्यामुळे "ऑटममध्ये ॲपल" हे आपल्या देशातही खरं ठरतं.

उच्चारात कुठे अडतं ते आधीच माहीत असू द्या.

'ऑटम'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी एन आहे, पण तो बोलताना येत नाही. म्हणून आधी तीन-चार दिवस फक्त कानाने शिकवा आणि स्पेलिंग नंतर दाखवा. आधी स्पेलिंग दाखवलं तर मुलं 'ऑटम्न' म्हणतात, आणि ही सवय मोडायला वेळ जातो.

'लीफ'मधला ई लांब आहे. मुलं 'लिफ' म्हणतात. ई म्हणताना दोन्ही हात बाजूला ताणायला लावा, उच्चार आपोआप लांबतो. एकापेक्षा जास्त पानांना 'लीव्ह्ज', पण मुलं 'लीफ्स' म्हणणारच. हा नियम समजावत बसू नका. एका हातात एक पान, दुसऱ्या हातात मूठभर पानं धरा. "लीफ... लीव्ह्ज." रोज पाच वेळा, आठवडाभर. चुकलं तर तुम्ही बरोबर शब्द परत म्हणा आणि पुढे चला.

'विंड' म्हणताना दिवा विझवताना होतात तसे ओठ गोल करायचे, दात खालच्या ओठाला लागू द्यायचे नाहीत. 'लीव्ह्ज'च्या व्हला मात्र वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. मराठीत आपण दोन्हीकडे एकच व वापरतो, म्हणून हा फरक तोंडाकडे बघूनच कळतो. मुलांना तुमचं तोंड दिसेल असं उभं राहा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

'ब्राउन' म्हटल्यावर मुलं "चॉकलेटी!" म्हणतील. अर्थ कळला याची ती पावती आहे, रागवायचं काहीच कारण नाही. कुणी दखनीत "पत्ता" म्हणेल, तांड्यावरचं मूल गोरमाटीतला (बंजारा बोलीतला) शब्द सांगेल, देगलूरकडे कुणी तेलुगूतला. सगळ्यांना मान डोलवा आणि मग इंग्रजी शब्द द्या.

पहिली तासिका: पानं गोळा करणं

तासिका ३५ ते ४० मिनिटांची धरली तर बाहेर २० मिनिटांपेक्षा जास्त नको. प्रत्येक मुलाने खाली पडलेली पाच पानं आणायची, झाडावरचं एकही तोडायचं नाही. कमी पडतील म्हणून तुम्ही आधल्या दिवशी पंधरा-वीस पानं गोळा करून ठेवा, त्यात लाल पानं नक्की असू द्या. मैदानात लाल पान दोघा-तिघांनाच सापडतं आणि त्यावरून रडारड होते.

काय उचलायचं नाही हे निघण्याआधी दाखवा. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. गाजरगवत या दिवसांत फुलावर असतं आणि बऱ्याच मुलांच्या अंगाला त्याने खाज सुटते. कुंपणाला खाजकुइलीचा वेल असेल तर तिकडे फिरकूही देऊ नका. कपाशीवर फवारण्या सुरू असतात, म्हणून मुलांना कपाशीत नेऊ नका. शेतकऱ्याला विचारून, हल्लीत फवारणी झालेली नाही याची खात्री करून चार-पाच पानं तुम्हीच आणा, धुऊन पुसून मगच वर्गात ठेवा. सोयाबीन बांधावरूनच दाखवायचं. गंजीत हात घालू द्यायचा नाही, खाली विंचू-साप असतात. परत आल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

चालताना तुम्ही इंग्रजी बोला, मुलांकडून बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. "लुक! अ यलो लीफ. पिक अप द लीफ. गुड!" छोटी वाक्यं, तीच तीच, हाताच्या खुणेसह.

वर्गात आल्यावर फरशीवर खडूने चार मोठे गोल काढा आणि रंगाप्रमाणे पानं टाकायला लावा. हिरवी पानं भरपूर येतील, त्यांना पाचवा गोल द्या. 'ग्रीन' बहुतेकांना येतंच, आणि ऑक्टोबरात आपल्याकडे हिरवं जास्त हे सत्य आहे. एखादं पान अर्धं हिरवं अर्धं पिवळं निघेल. मुलं भांडतील कुठे टाकायचं. रेघेवर ठेवा आणि "ग्रीन अँड यलो" म्हणा. न सांगता 'अँड' शिकून होतं.

दुसरी तासिका: ऐका आणि करा

जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेली टोटल फिजिकल रिस्पॉन्स नावाची पद्धत लहान मुलांना छान लागू पडते. भाषा आधी कानातून अंगात जाऊ द्यायची, तोंड नंतर उघडतं. प्रत्येकाच्या हातात एक पान. आज्ञा पाचच: "शो मी अ रेड लीफ", "पुट द लीफ ऑन युअर हेड", "ड्रॉप द लीफ", "पिक इट अप", "ब्लो".

पहिल्यांदा तुम्ही म्हणा आणि स्वतः करा. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणा आणि सगळ्यांनी मिळून करा. तिसऱ्यांदा तुम्ही नुसतं म्हणा, हात पाठीमागे. इथेच खरं कळतं कोणाला शब्द कळला आणि कोण शेजाऱ्याचं बघून करतंय. बघून करणाऱ्याला पकडू नका, दोन फेऱ्यांत तोही येतो. शेवटी एखाद्या मुलाला पुढे बोलावून त्याला आज्ञा द्यायला लावा, तुम्ही त्याचं ऐका. वर्गाला यात भलताच आनंद होतो.

वीस मिनिटांत पानांचा चुरा होतो आणि मुलं पानं एकमेकांवर फेकू लागतात. पंधराव्या मिनिटाला थांबा.

तिसरी तासिका: वाक्य

दोनच साचे. "धिस इज अ यलो लीफ." आणि "द लीव्ह्ज आर फॉलिंग." दुसरं वाक्य फक्त पानं खरोखर पडत असताना. एक मूल बाकावर उभं राहतं, मूठभर पानं सोडतं, बाकीचे म्हणतात. पानं जमिनीवर टेकली की वाक्य बंद. या एका बंधनाने 'फॉलिंग' म्हणजे आत्ता चाललेलं पडणं हे व्याकरण न काढता कळतं.

मग खरं-खोटं. तुम्ही लाल पान उचलून म्हणा, "धिस इज अ ब्राउन लीफ." वर्ग ओरडेल, "नो!" मग कुणीतरी दुरुस्त करेल, "रेड! रेड लीफ!" या क्षणी पूर्ण वाक्याचा आग्रह धरू नका. तुम्हीच म्हणा, "येस, धिस इज अ रेड लीफ." दहा मिनिटांत मुलं ऐकण्याची सवय इतकी पक्की करतात की मुद्दाम चुकताना तुम्हालाच विचार करावा लागतो. 'अ' गळणं, 'लीफ इज यलो' अशी मोडतोड, 'रेड कलर लीफ' हे सगळं पहिलीत चालू द्या. तिसरीत हळूहळू नीट करा.

दसऱ्याच्या आधीचा शेवटचा दिवस यासाठी फार कामाचा. प्रत्येकाच्या हातात आपट्याचं एक पान. एकाने द्यायचं, "हिअर यू आर." दुसऱ्याने घ्यायचं, "थँक यू." सोनं देण्या-घेण्याची रीत मुलांना पाठ असते, त्यामुळे कोणी कधी काय बोलायचं हे समजावावं लागत नाही. पन्नास वेळा बोलणं होतं आणि कंटाळा येत नाही. प्रत्येकी एकच पान द्या. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, त्यात शाळेने भर घालू नये.

चौथी तासिका: आता दूरचा ऑटम

तक्ता इथे काढायचा, त्याआधी नाही. मुलांकडे शब्द आहेत, रंग आहेत, गळणारं पान त्यांनी पाहिलंय. आता चित्र दाखवून "व्हॉट कलर?" विचारलं तर ती स्वतः वाचतात.

फळ्याचे उभे दोन भाग करा. डावीकडे 'हिअर', उजवीकडे 'देअर'. डावीकडे सोयाबीनचं पिवळं पान चिकटवा, उजवीकडे मेपलचं चित्र. दोन्हींना यलो. डावीकडे तळपता सूर्य, "हॉट". उजवीकडे स्वेटर, "कूल". डावीकडे झेंडू, उजवीकडे भोपळा, दोन्ही ऑरेंज. काय सारखं आणि काय वेगळं हे मुलांना मराठीत बोलू द्या. ही चर्चा मराठीतच व्हायला हवी. सहा-सात वर्षांच्या मुलाचा विचार त्याच्या इंग्रजीच्या कितीतरी पुढे असतो. मनातलं बोलायला त्याला भाषा अपुरी पडली की ते गप्प बसतं.

मधला पूल म्हणून काश्मीरचा चिनार दाखवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो लालबुंद होतो. आपल्याच देशात असं झाड आहे म्हटल्यावर तक्त्यातलं चित्र परीकथेतलं वाटत नाही. फोनवर फोटो आधीच उतरवून ठेवा, ऐन वेळी रेंज जाते.

पक्ष्यांचीही एक गोष्ट सांगा. थंड प्रदेशातले पक्षी ऑटममध्ये दक्षिणेकडे निघतात, आणि त्यातले काही पैठणच्या नाथसागर जलाशयावर हिवाळा काढायला येतात. "बर्ड्स गो फ्रॉम देअर, बर्ड्स कम हिअर." फळ्यावर उजवीकडून डावीकडे बाण काढा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडच्या मुलांना नाथसागर जवळचा. नांदेड-हिंगोलीकडे गावच्या तळ्यावर थंडीत उतरणारी बदकं सांगा.

पृथ्वीचा कललेला आस वगैरे या वयात काढू नका. दिवस लहान होतो हे मात्र मुलांना स्वतः बघता येतं. सप्टेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान मावळतो, नोव्हेंबरच्या मध्याला पावणेसहाच्या सुमारास. "खेळून घरी जाताना अंधार कधी पडतो?" हा प्रश्न महिनाभर अधूनमधून विचारत राहा. पहाटे अंगाला गारवा लागू लागला की त्या दिवशी परिपाठात "द मॉर्निंग इज कूल" आणा.

हॅलोविनचा तमाशा टाळलेला बरा. भोपळ्याला भुताचं तोंड कोरण्यात आख्खी तासिका जाते आणि पदरात एक शब्द पडतो.

पाचवी तासिका: पानाचा ठसा

पान उलटं ठेवायचं, शिरा वर. त्यावर पातळ कागद, आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने घासायचा. जाड ड्रॉइंग पेपरवर शिरा उमटत नाहीत. तेलखडू फासला जातो. फार वाळलेलं पान मोडतं, ओलं पान कागद भिजवतं, म्हणून एक दिवस आधी पडलेलं पान उत्तम. पिंपळाच्या पानाचा ठसा सगळ्यात सुंदर येतो. बदामाचं पानही छान येतं. कडुनिंबाची पानं चिमुकली, पहिलीच्या हाताला जमत नाहीत.

मूल घासत असताना तुम्ही बाकाबाकांतून फिरा आणि प्रत्येकाला एकच विचारा, "व्हॉट कलर इज युअर लीफ?" चाळीस मिनिटांत तीस मुलांशी स्वतंत्र बोलणं होतं, एरवी ते कधीच जमत नाही.

सहावी तासिका: काय आलं ते तपासणं

लेखी नको. तीन-तीन मुलांना बोलवा. चार पानं समोर ठेवा. "शो मी ब्राउन" म्हटल्यावर दाखवतो का, पान उचलून विचारल्यावर रंग सांगतो का, खोट्या वाक्याला "नो" म्हणतो का. वहीत तीन खुणा. पहिल्याच गोष्टीत अडलेल्या मुलाला दुसऱ्या तासिकेचा खेळ परत द्या. तिसऱ्या गोष्टीत अडलेलं मूल बहुधा तुम्हाला खोटं पाडायला बिचकतं, त्याला मोठ्या मुलाच्या जोडीला बसवा.

द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसत असेल तर पाठ तोच ठेवा, काम वेगळं द्या. पहिलीने दाखवायचं, दुसरीने शब्द सांगायचा, तिसरीने वाक्य बोलायचं, चौथीने फळ्यावरून रोमन अक्षरांत वाक्य उतरवून खाली चित्र काढायचं.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी पत्ते (खेळायची पानांची कार्डं)

पानं वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर पुस्तकांचं किंवा विटेचं वजन द्या. दुसऱ्या दिवशी कागद बदला आणि पुढे सात ते दहा दिवस हलवू नका. कागद न बदलल्यास जाड पानांना, विशेषतः बदामाला, बुरशी धरते. ही वाळलेली पानं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर फेविकॉलने चिकटवा, वरून रुंद पारदर्शक टेप लावा. मागे तारीख आणि झाडाचं मराठी नाव.

ऊसतोडीला निघालेल्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात असे पाच पत्ते द्या. फडावर पुस्तक उघडलं जाईलच असं नाही, पण पत्त्यांशी धाकट्या भावंडासोबत खेळणं होतं. मूल गावच्या हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर एक संच तिथल्या काळजीवाहकाकडे द्या आणि "शो मी"चा खेळ दोन मिनिटांत समजावून सांगा.

फेब्रुवारीतली फेरी

फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेभोवती पानांचा खच पडतो. तेव्हा मुलं आपसूक म्हणतात, "सर, ऑटम आला!" त्यांचं "द लीव्ह्ज आर फॉलिंग" हे वाक्य खरं आहे, त्याचं कौतुक करा. मग ऋतूचं नाव दुरुस्त करा: पानं इथे आत्ता गळतात, ऑटम तिकडे सप्टेंबरात होता. फळ्यावरचे तेच दोन भाग परत काढा. या वेळी 'हिअर'मध्ये कडुनिंबाची पिवळी पानं आणि फुललेला पळस लावा. 'देअर'मध्ये बर्फाचं चित्र लावून "विंटर" म्हणा. एक तासिका पुरते, कारण शब्द जुनेच आहेत आणि नवे फक्त 'विंटर' आणि 'स्नो'.

ऊसतोडीची मुलं मार्च-एप्रिलात परततात. तेव्हाही गळलेली पानं आवारात असतात. त्यांच्यासाठी पहिल्या दोन तासिका जशाच्या तशा पुन्हा घ्या, आणि आज्ञा देण्याचं काम वर्गातच राहिलेल्या मुलांकडे सोपवा. पत्त्यांचा वर्गातला संच उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पत्र्याच्या डब्यात, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून बंद करा. डब्यावर कोणत्या झाडाची पानं कमी पडली ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या सप्टेंबरात तेवढीच शोधावी लागतील.